एका भाकरीला किती युनिट?

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात ज्वारीची भाकरी मोठी असते. थापणारीचा हात जिथं थांबतो तिथं भाकरीची कड ठरते, आणि हात घरागणिक वेगळा. कुणाकडे एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागतं, कुणाकडे नव्वद. जेवणाऱ्याला त्याचं काही नसतं. भूक असली तर दोन, नसली तर दीड. पण त्या पंगतीत टाइप वन मधुमेह असलेला विशीतला मुलगा बसला असेल, तर पहिला तुकडा मोडण्याआधी त्याला हिशेब करावा लागतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे लहान भाकरीत चाळीसेक ग्रॅम आणि मोठीत साठेक. डॉक्टरांनी त्याला दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन असं प्रमाण घालून दिलं असेल, तर एका घरच्या भाकरीला चार युनिट लागतील आणि शेजारच्या घरच्या भाकरीला सहा. या दोन युनिटांच्या चुकीनं रक्तातली साखर ऐंशी-शंभरानं इकडची तिकडे होऊ शकते. कलबुर्गीकडची वाळलेली कडक भाकरी हाताला हलकी लागते, तिथंही फसायला होतं. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, कर्बोदकं जिथल्या तिथं असतात.

त्यानंतर वाटीभर तुरीचं वरण, वर थोडा भात. शेंगदाण्याची चटणी जवळपास हिशेबाबाहेर. मग बाकीचे प्रश्न: आत्ता साखर किती आहे, दुपारी उन्हात काम आहे की बसून काम, काल रात्री झोप झाली का, सर्दीताप तर नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड ही सगळी जुळवाजुळव त्याला न विचारता करत असतं. टाइप वन असलेल्या माणसाला ती दिवसातून अनेकदा, जागेपणी, स्वतःच्या डोक्यानं करावी लागते. तिला सुट्टी नाही. या मुलांना मदत करायची असं म्हणताना आधी हे काम किती मोठं आहे ते समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे मदत म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं या कामात भर घालणारं आहे, असं माझं मत झालं आहे.

आपल्या भागात 'शुगर' म्हटलं की पन्नाशीतला, पोट सुटलेला, गोळ्या घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो टाइप टू. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाण्याशी, आळसाशी, आईच्या डोहाळ्यांशी त्याचा संबंध नाही. इन्सुलिन बाहेरून घेतलं नाही तर शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात आणि माणूस काही दिवसांत दगावू शकतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी जगात कुठंही या आजारावर उपाय नव्हता. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. शंभर वर्षं उलटून गेली, तरी ते औषध वेळेवर, योग्य मात्रेत आणि न बिघडलेल्या अवस्थेत प्रत्येक गावात पोचतंच असं म्हणता येत नाही.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची सुमारे २ लाख २९ हजार मुलं टाइप वनसह जगत होती. हा आकडा जगातल्या कुठल्याही देशापेक्षा मोठा आहे. कर्नाटकातल्या १९९५ ते २००८ या काळातल्या नोंदींवरून दरवर्षी एक लाख मुलांमागे ३.७ आणि एक लाख मुलींमागे ४ नवे रुग्ण असं प्रमाण निघालं होतं. म्हणजे एका तालुक्यात दरवर्षी मोजकीच मुलं. याच कारणानं ती एकटी पडतात. वर्गात, गल्लीत, नात्यात आपल्यासारखं दुसरं कुणी त्यांना दिसत नाही.

निदानाच्या वाटेवरच पहिली ठेच लागते. वजन उतरणं, सारखी तहान, रात्री लघवीला उठणं ही लक्षणं परीक्षेच्या ताणावर किंवा उन्हाळ्यावर ढकलली जातात. उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली की अपेंडिक्सची किंवा जुलाबाची शंका घेतली जाते. वय विशीच्या पुढे असेल तर सरळ टाइप टू ठरवून गोळ्या चालू होतात. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना २०१२ मध्ये आधी टाइप टूच सांगितलं गेलं होतं. गोळ्यांनी साखर उतरेना तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप वन निघाला. ब्रिटनमध्ये जे घडू शकतं ते हुमनाबादेत घडलं तर नवल नाही. उलट्या करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या तरुण रुग्णाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर बघायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट प्रत्येक दवाखान्यात दिला जावा.

निदान झालं, इन्सुलिन सुरू झालं, की काही आठवड्यांत एक विचित्र गोष्ट घडू शकते. उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो, त्या थोडं काम करू लागतात आणि इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. काही महिने हे चालतं, क्वचित वर्षभर. नेमक्या याच काळात कुणीतरी काढा सुचवलेला असतो, कुणी झाडपाल्याच्या पुड्या आणून दिलेल्या असतात, कुणी नवस बोललेला असतो. साखर उतरलेली दिसते आणि श्रेय पुडीला जातं. 'सुईची सवय लागते' हे वाक्य तर घराघरात ऐकू येतं. मग सुई बंद होते. बीटा पेशींचा तो शेवटचा आधार संपला की मुलगा कीटोन साचून, श्वास लागून दवाखान्यात येतो. आईवडिलांचं प्रेम यात कुठंही कमी नसतं; पुढे असं होणार आहे हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. निदानाच्या दिवशीच ते सांगितलं, तर कित्येक घरं वाचतील.

आता वयाकडे येऊ.

लहान मुलाची साखर आई सांभाळते. ती रात्री दोनला उठते, बोट टोचते, शाळेच्या बाईंना चिठ्ठी देते, डब्यात साखरेची पुडी ठेवते. सोळा-सतरापर्यंत हे कसंबसं निभावतं. मग मुलगा लातूरला किंवा बिदरलाच नीटच्या तयारीसाठी वसतिगृहात राहायला जातो, नाहीतर हैदराबादला, पुण्याला कामाला लागतो. मुलगी डिप्लोमा करायला कलबुर्गीला खोली घेते. आईचा हात सुटतो, आणि त्याच सुमारास सरकारचाही सुटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंत. असंसर्गजन्य आजारांची गावोगावची तपासणी तिशीपासून पुढे. अठरा ते तीस या वयात इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाचा शोध घेत कुठलाही कार्यक्रम त्याच्या दारात येत नाही. केरळ सरकारची 'मिठायी' योजना मुलांना इन्सुलिन आणि उपकरणं मोफत देते, देशात इतरांनी घ्यावा असा तो धडा आहे. पण तिचाही रोख मुलांवर आणि किशोरांवर आहे.

याच वयात साखर सर्वांत जास्त बिघडते. हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदणीतून २०१६ ते २०१८ या काळातलं चित्र पुढे आलं. तिथं तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी पंधरा ते अठरा या वयात सरासरी ९.३ टक्क्यांवर पोचलेलं होतं आणि अठ्ठाविशीपर्यंत ते आठवर उतरलेलं दिसत होतं. उद्दिष्ट सातच्या आत राहण्याचं आहे. पंप आहेत, सेन्सर आहेत, विमा आहे, तरी त्या देशात ही स्थिती. तेव्हा आपल्या मुलाची साखर तीनशे दिसली की 'तू बेजबाबदार आहेस' असं म्हणण्याआधी घरच्यांनी क्षणभर थांबावं. वाढीच्या वयातली संप्रेरकं इन्सुलिनला दाद देत नाहीत, झोपेच्या वेळा बदललेल्या असतात, आणि चारचौघांत शर्ट वर करून सुई टोचायची लाज त्या वयात फार मोठी असते.

या बिघाडाची किंमत मात्र खरी असते. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं १,४४१ स्वयंसेवकांवर जो अभ्यास झाला, त्यातली माणसं तेरा ते एकोणचाळीस वयाची होती. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, मूत्रपिंडाचा निम्म्यावर आला. म्हणजे विशीतली दहा वर्षं पुढची चाळीस वर्षं ठरवतात, आणि नेमकी तीच दहा वर्षं आपण या मुलांना एकटं सोडतो.

सीमाभागात या एकटेपणाला आणखी एक पदर आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत निजामाच्या राज्यातला जुना बिदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. नाती तुटली नाहीत. आजही औरादच्या मुलीचा मामा उदगीरला असतो, भालकीच्या मुलाचं कॉलेज लातूरला, आळंदच्या घरची सोयरीक उमरग्याला, आणि मोठा डॉक्टर गाठायचा तर सोलापूर नाहीतर हैदराबाद. रेशन कार्ड मात्र एकाच राज्याचं असतं, आणि आरोग्य योजना रेशन कार्डाला चिकटलेल्या. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या कार्डाला, कर्नाटकची आरोग्य योजना कर्नाटकच्या. त्यातही दोन्हींचा भर दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चावर. कीटोन साचून मुलगा अतिदक्षता विभागात पोचला तर पैसे मिळण्याची वाट आहे. तो तिथं पोचू नये म्हणून रोज लागणाऱ्या पट्ट्यांना ती वाट नाही. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं.

पट्टी म्हणजे ग्लुकोमीटरमध्ये घालायची, एकदाच वापरायची चाचणीपट्टी. एक पट्टी साधारण पंधरा-वीस रुपयांना पडते. दिवसाला चार वेळा तपासायचं म्हटलं तर महिन्याला अठराशे ते चोवीसशे रुपये नुसते पट्ट्यांचे. सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मोफत मिळू शकतं, पण पट्ट्यांची हमी नसते. मग मुलं अंदाजानं सुई घेतात, आणि अंदाजानं घेतलेली सुई कमी घेतली जाते, कारण साखर उतरून चक्कर येण्याची भीती वाढलेल्या साखरेच्या भीतीहून जवळची असते. दंडावर लावायच्या सेन्सरची तर गोष्टच वेगळी. पंधरवड्याला काही हजार रुपये मोजू शकणारी घरं या पट्ट्यात किती असणार?

राज्य ओलांडताना आणखी एक धोका होतो, आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे कुपीतलं साधं इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिट या तीव्रतेचं असतं. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या: चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. समजा, हैदराबादच्या डॉक्टरांनी पेन दिलं, गावी आल्यावर पेनची सुई संपली, आणि मुलानं कार्ट्रिजमधलं औषध गावच्या दुकानातून आणलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं. त्याला वाटतं दहा युनिट घेतले. प्रत्यक्षात पाव मिलिलीटर, म्हणजे पंचवीस युनिट शरीरात गेले. अडीचपट. रात्री झोपेत साखर कोसळायला एवढं पुरेसं आहे. उलट बाजूनं, चाळिसाच्या कुपीतलं औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर मात्रा निम्म्याहूनही कमी होते आणि साखर चढत राहते. कुपीवरची अक्षरं बारीक आणि इंग्रजी. घरातली भाषा मराठी, दवाखान्यातली कन्नड, दुकानदाराची कधी उर्दू तर कधी तेलुगू. प्रत्येक औषध दुकानात 'कुपी आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का बघा' असा एक कागद या चारही भाषांत चिकटवला, तर त्याला खर्च किती येईल? दुकानदारानं सिरिंज देताना एकदा विचारलं, तरी मोठं काम होईल.

दुसरी अडचण उन्हाची. कलबुर्गीचा पारा एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांच्या वर जातो. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण खोलीचं तापमान पंचवीस-तीस अंशांपुढे जाऊ नये अशी अपेक्षा. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, फ्रीज नसलेल्या मुलानं काय करायचं? इथं आपल्या घरातला माठ कामाला येतो. मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात झाकणाच्या डब्यात कुपी, वर ओलं फडकं. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. हा गरिबाचा तोडगा म्हणून हिणवण्यासारखा नाही. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतलं दिवसरात्रीचं तापमान नोंदवून त्यावर प्रयोग केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पंचवीस ते सदतीस अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकून होती. तेव्हा माठ पुरतो. औषध नासतं ते मोटारसायकलच्या डिकीत, बसच्या खिडकीतल्या उन्हात आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच राहतं, पण त्याचा भरवसा संपलेला असतो. ते टाकून द्यावं.

साखर उतरणं, म्हणजे सत्तरच्या खाली जाणं, हा या मुलांच्या रोजच्या आयुष्यातला सर्वांत तातडीचा प्रसंग. हात थरथरतात, घाम फुटतो, एकदम भूक लागते. आणखी उतरली तर बोलणं अडखळतं, माणूस विनाकारण चिडतो, भलतंच बोलतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही; त्यातला स्निग्धांश साखर हळू चढू देतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून तडक दवाखाना गाठायचा. हे चार-पाच नियम खोलीतल्या जोडीदाराला, दुकानाच्या मालकाला, कंपनीतल्या सुपरवायझरला माहीत असले पाहिजेत. आणि तरुणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोकळेपणानं बोलली पाहिजे. दारू पोटात असताना यकृत साखर सोडायचं काम आवरतं घेतं, त्यामुळे रात्री उशिरा किंवा पहाटे साखर कोसळू शकते. सोबतच्यांना वाटतं, जास्त झाली आहे, झोपू द्या. हे घरात बोलायचंच नाही असं ठरवलं, तर मुलगा पितो किंवा पीत नाही, पण धोका त्याला कळत नाही एवढं नक्की.

परीक्षांच्या बाबतीत थोडा रस्ता मोकळा झाला आहे. सीबीएसईनं २०१७ मध्ये टाइप वन विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली. नीटलाही मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ आणि पारदर्शक बाटली नेता येते. पण हा नियम केंद्रावरच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. विद्यार्थ्यानं डॉक्टरांचं पत्र आणि नियमाची छापील प्रत दोन्ही सोबत ठेवावी आणि घरच्या एकानं आदल्या दिवशीच केंद्रावर जाऊन बोलून यावं. बारा ठिकाणी उपदेश करण्यापेक्षा वडिलांनी एवढं एक केलं तरी मुलाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. नोकरीच्या बाजूला परिस्थिती कठीण आहे. सैन्याची वाट बंद असते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत टाइप वन नाही, त्यामुळे तशी सवलतही मिळत नाही. म्हणून मुलं आजार लपवतात, शौचालयात जाऊन सुई घेतात किंवा कामाच्या वेळेतली सुई चुकवतात.

मुलींच्या घरी ही लपवाछपवी जास्त. लग्न ठरेना म्हणून निदान नात्यातही सांगितलं जात नाही, आणि ठरल्यावर सासरी कळू नये म्हणून सुई कपाटाच्या मागे जाते. पहिल्या काही महिन्यांत मात्रा चुकतात, त्यातच दिवस जातात. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत आईची साखर वाढलेली असेल तर बाळाच्या घडणीला धोका असतो. त्यामुळे गर्भधारणेच्या आधीच एचबीएवनसी साडेसहाच्या आसपास आणायला सांगतात. तशी तयारी असेल तर टाइप वन असलेल्या बायका निरोगी मुलांना जन्म देतात. आणि 'मुलांना पण होणार' या भीतीचं उत्तर आकड्यांत आहे. वडिलांना टाइप वन असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण सतरात एक. आईला असेल आणि बाळंतपण पंचविशीच्या आधीचं असेल तर पंचविसात एक, त्यानंतरचं असेल तर शंभरात एक. हे आकडे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे ठेवायची हिंमत घरच्यांनी दाखवावी. वरसंशोधनातून एखादं स्थळ गळालं तर गळू द्यावं. लपवून केलेल्या लग्नात मुलीला रोज घाबरत सुई टोचावी लागते.

सणवारांचं काय? औराद-भालकीपासून लातूरपर्यंत येळवस म्हणजे शेतातला दिवस. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. सकाळपासून दुपारपर्यंत खाणं चालू, मधे शेतभर भटकंती. टाइप वनच्या मुलाला या दिवशी 'तू खीर खाऊ नकोस' असं सांगून एका बाजूला बसवायची गरज नाही. त्यानं एकदाच मोठी सुई घेण्याऐवजी खाण्याच्या टप्प्यांनुसार विभागून घ्यायची, चालणं जास्त होणार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून थोडी कमी करायची, खिशात साखर ठेवायची. भज्जी आणि आंबील यांच्यातला फरक त्याला आकड्यांत माहीत असला की तो पंगतीत सगळ्यांबरोबर बसू शकतो. आश्विनात कलबुर्गी, बिदर, सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांतही अशी मुलं असतात. दिवसभर चालल्यावर त्या रात्री आणि दुसऱ्या पहाटेही साखर उतरू शकते, हे बरोबरच्यांना सांगून ठेवावं. उपवासाला मात्र माझा साफ विरोध आहे असं मी म्हणणार नाही. श्रद्धेचा निर्णय ज्याचा त्याचा. एकादशी असो की रमजानचा रोजा, टाइप वनमध्ये तो जोखमीचा आहे. डॉक्टरांना विचारून, मात्रा बदलून, आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर तत्क्षणी सोडायच्या तयारीनंच तो करावा. एक नियम मात्र कधीही मोडायचा नाही: पोटात अन्न नाही म्हणून किंवा ताप-उलटी आहे म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. आजारपणात अनेकदा ते जास्तच लागतं.

घरच्यांचं वागणं हा सगळ्यांत नाजूक भाग. आई दिवसातून पाच वेळा फोन करते आणि पहिला प्रश्न 'शुगर किती?' हाच असतो. काही दिवसांनी मुलगा खोटा आकडा सांगू लागतो, कारण खरा सांगितला की पुढची पंधरा मिनिटं बोलणी खायची. मीटरवर दोनशे ऐंशी दिसलं तर तो मुलाच्या चारित्र्याचा दाखला नसतो. पुढचा निर्णय घ्यायला मिळालेली ती माहिती असते. 'आता किती युनिट घेणार आहेस?' किंवा नुसतं 'पट्ट्या आहेत ना?' असं विचारलं तर संभाषण पुढे सरकतं. या आजाराच्या सततच्या ओझ्यानं येणाऱ्या थकव्यावर विल्यम पोलोन्स्की या मानसशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये प्रश्नावली तयार केली, तेव्हापासून डॉक्टरमंडळी त्याची वेगळी दखल घेऊ लागली आहेत. हा थकवा आला की मुलगा सुया चुकवतो, तपासणं सोडतो. कधी वजन कमी व्हावं म्हणून मुली मुद्दाम इन्सुलिन कमी करतात. घरच्यांनी एखाद्या रविवारी 'आज तुझ्या जेवणाचा हिशेब मी करते, तू फक्त जेव' एवढं म्हणावं. त्यासाठी आईला, बहिणीला, पुढे नवऱ्याला किंवा बायकोला तो हिशेब स्वतः शिकावा लागेल.

ज्यांना वाटतं हे सगळं फार अवघड आहे, त्यांच्यासाठी एक नाव पुरे. क्रिकेटपटू वसीम अक्रमला १९९७ मध्ये हा आजार निघाला, आणि त्यानंतरही तो काही वर्षं जगातल्या उत्तम फलंदाजांना नवा-जुना चेंडू टाकत राहिला.

आधाराच्या जागा आहेत. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट गरीब घरच्या टाइप वन मुलांना इन्सुलिन देतो, शिकवतो. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था मराठवाड्यातल्या मुलांसाठी काम करते. बेळगावात केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात डॉ. एम. व्ही. जाली आणि त्यांचे सहकारी हाच विषय धरून आहेत. २०२२ च्या जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन आलं. ज्ञान आहे, औषध आहे. पण आळंदहून संभाजीनगर किंवा बेळगाव म्हणजे एका दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि रजा.

बिदरला ब्रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कलबुर्गीला जिम्स आणि ईएसआय ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, २०१७ पासून दोन्ही शहरांमध्ये थेट रेल्वे आहे. जिल्हा आणि तालुका रुग्णालयांत मधुमेह-रक्तदाबाचे कक्ष चालू आहेत. तिथं रांगेत पन्नाशीतली माणसं असतात आणि विशीतला पोरगा त्यांच्यात बसायला नको म्हणून येत नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस, तोही रविवार, फक्त अठरा ते तीस वयाच्या टाइप वन रुग्णांसाठी ठेवता येईल. त्या दिवशी एकाच खिडकीवर इन्सुलिनबरोबर महिन्याच्या पट्ट्याही मिळाव्यात. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी एक परिचारिका असावी, तिनं सिरिंज हातात घेऊन बघावी, टोचायच्या जागा दंड-पोट-मांडी अशा बदलल्या जातात का ते चाचपावं, कारण एकाच जागी टोचून आलेल्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. वर्षातून एकदा डोळे, लघवी आणि पाय तपासावेत. जो मुलगा दहा वर्षं हा आजार सांभाळतो आहे त्याला नव्या मुलांशेजारी बसवावं. आणि जे पुण्याला, हैदराबादला कामाला गेले आहेत त्यांच्यासाठी एक फोन नंबर असावा, रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या आणि साखर चारशे दिसली तर उचलला जाणारा.